लिनक्सची ह्यूज पेजेस: डेटाबेस सर्व्हर सांभाळणाऱ्याचा सविस्तर रिव्ह्यू

घाईत असलेल्यांसाठी मत आधीच सांगतो. लिनक्स कर्नलमध्ये, म्हणजे ऑपरेटिंग सिस्टीमच्या गाभ्यात, मोठ्या मेमरी पेजेसचे (पेज म्हणजे मेमरीचा एक ठराविक तुकडा) दोन वेगळे रस्ते आहेत. एक ह्यूजटीएलबी, म्हणजे आधीच बाजूला काढून ठेवलेली पेजेस, आणि दुसरा टीएचपी, म्हणजे ट्रान्सपरंट ह्यूज पेजेस, जी कर्नल स्वतःच ठरवून देतो. पहिल्याला माझ्याकडून पाचपैकी साडेचार. दुसऱ्याला सुरुवातीच्या रूपात दोन आणि आजच्या रूपात चार. आणि "टीएचपी दिसला की नेव्हर करून टाका" (नेव्हर म्हणजे पूर्ण बंद) हा जो सल्ला दहा-बारा वर्षं एका इन्स्टॉल गाइडमधून दुसऱ्यात कॉपी होत आलाय, तो आता सरसकट लावू नका, हे सांगायलाच एवढं लिहायला बसलोय.

मी पोस्टग्रेस, ओरॅकल, थोडं रेडिस आणि जावाचे सर्व्हिसेस असले सर्व्हर सांभाळतो, त्यामुळे रिव्ह्यू त्याच बाजूने आहे. गेमिंग पीसीवर एफपीएस किती वाढतील वगैरे यात सापडणार नाही.

आधी हे कशासाठी आहे ते बघू. प्रोसेसर मेमरी पेजच्या हिशोबात बघतो, आणि एक्स८६ वर साधं पेज असतं ४ केबीचं. व्हर्च्युअल पत्त्यावरून खरा पत्ता काढायला पेज टेबल लागतं, ते दर वेळी वाचणं महाग पडतं म्हणून अलीकडे लागलेले पत्ते टीएलबी नावाच्या छोट्या कॅशमध्ये ठेवलेले असतात. ही कॅश खरंच छोटी आहे. इंटेलच्या स्कायलेक कोअरमध्ये दुसऱ्या पातळीच्या टीएलबीत १,५३६ नोंदी मावतात. ४ केबीने गुणलं तर फक्त ६ एमबी. म्हणजे तुमच्या सर्व्हरला २५६ जीबी रॅम असू दे, प्रोसेसरला पत्ता न शोधता हात घालता येतो तो ६ एमबीला. तीच नोंद २ एमबीच्या पेजची असली तर तेवढ्याच जागेत ३ जीबी बसतात. शंभर एकर जमीन गुंठ्यागुंठ्याने सातबाऱ्यावर चढवली तर तलाठ्याचं कपाट भरून जाईल आणि एक उतारा काढायला अख्खा दिवस जाईल, तीच एका गटात लिहिली तर एका पानात काम होतं, तसंच हे.

आणि टीएलबीत नोंद नसली की चार पातळ्यांचं पेज टेबल चालत जावं लागतं, २ एमबीच्या पेजला एक पातळी कमी. साध्या मशीनवर हे एक वेळ चालून जातं, पण व्हर्च्युअल मशीनमध्ये गेस्टचं (आतल्या मशीनचं) टेबल वेगळं आणि होस्टचं (खऱ्या मशीनचं) वेगळं, त्यामुळे एका पत्त्यासाठी वाईटात वाईट २४ वेळा मेमरी वाचावी लागू शकते. आज आपले बहुतेक सर्व्हर व्हीएमच आहेत, कुठल्यातरी क्लाउडवर, म्हणजे हा खर्च आपण सगळेच भरतोय, फक्त बिलात त्याची वेगळी ओळ येत नाही. केव्हीएम (लिनक्सची व्हर्च्युअल मशीन चालवायची सोय) चालवत असाल तर गेस्टची मेमरी होस्टवर ह्यूज पेजेसमध्ये ठेवणं हा मला तरी सगळ्यात कमी कष्टात जास्त फायद्याचा बदल वाटतो, आणि गेस्टच्या आतही मोठी पेजेस असतील तर उत्तमच, कारण दोन्हीकडे मोठी असतील तेव्हाच टीएलबीला पूर्ण फायदा मिळतो.

आता ह्यूजटीएलबी. हा जुना रस्ता, कर्नल २.६ च्या काळापासून आहे. तुम्ही कर्नलला सांगता की मला २ एमबीची इतकी पेजेस बाजूला काढून दे, तो काढतो, आणि मग ती मेमरी दुसऱ्या कशाला मिळत नाही, स्वॅपला जात नाही, तुटत नाही. प्रोग्रामने मात्र स्वतःहून मागायला हवी, एममॅप या मेमरी मागायच्या कॉलला ह्यूजटीएलबीचा फ्लॅग देऊन किंवा शेअर्ड मेमरी घेताना तसं सांगून. प्रोसेसरची साथ असेल तर १ जीबीची पेजेसही मिळतात, सीपीयूइन्फोमध्ये पीडीपीई१जीबी हा फ्लॅग दिसला की समजायचं आहे.

डेटाबेसवाल्यांना याचा खरा फायदा टीएलबीपेक्षाही पेज टेबलच्या मेमरीत दिसतो, आणि हे फार कमी लोक मोजतात म्हणून इथे जरा थांबतो. पोस्टग्रेसमध्ये प्रत्येक कनेक्शन म्हणजे वेगळी प्रोसेस. शेअर्ड बफर्स, म्हणजे डेटाबेसची सामायिक मेमरी, सगळ्यांचे एकच, पण त्या बफरकडे बोट दाखवणारं पेज टेबल प्रत्येक प्रोसेसचं स्वतःचं. समजा शेअर्ड बफर्स ६४ जीबी आहेत. ४ केबीच्या हिशोबाने ती झाली १,६७,७७,२१६ पेजेस, प्रत्येकाची नोंद ८ बाइटची, म्हणजे एका प्रोसेसचं पेज टेबल १२८ एमबी. कनेक्शन ३०० असतील आणि हळूहळू प्रत्येकाने सगळ्या बफरला हात लावला तर साडेसदतीस जीबी रॅम निव्वळ पेज टेबलात गेली! डेटा नाही, इंडेक्स नाही, नुसते पत्ते. २ एमबीची पेजेस घेतली तर नोंदी उरतात ३२,७६८ आणि एका प्रोसेसमागे खर्च २५६ केबी.

हे पुस्तकी गणित नाही. मेमइन्फो फाइलमध्ये पेजटेबल्स नावाची एक ओळ असते, कनेक्शन पूल जास्त दिवस उघडे राहिले की ती ओळ कशी फुगत जाते ते बघा एकदा. एका क्लायंटकडे रात्री ओओएम किलर (मेमरी संपली की प्रोसेस मारणारा कर्नलचा भाग) येऊन पोस्टग्रेस मारत होता आणि तिथली टीम दर वेळी वर्क मेम (क्वेरीच्या मेमरीचं सेटिंग) कमी करत होती, कुठल्या क्वेरीने मेमरी खाल्ली हे शोधत होती, आणि मेमरी क्वेरीने खाल्लेलीच नव्हती, पेजटेबल्सची ओळ कोणी उघडून बघितली नव्हती. ह्यूज पेजेस लावल्यावर तो प्रश्न तिथेच संपला.

पोस्टग्रेसमध्ये ह्यूज पेजेसचं सेटिंग ९.४ पासून आहे आणि त्याची डीफॉल्ट किंमत आहे ट्राय. ट्रायचा अर्थ असा की मिळाली तर घेईन, नाही मिळाली तर काही न बोलता ४ केबीवर चालू होईन. मला हे अजिबात आवडत नाही. प्रॉडक्शनवर ते ऑन करा, म्हणजे पेजेस कमी पडली तर सर्व्हर चालूच होणार नाही आणि तुम्हाला तेव्हाच कळेल, तीन महिन्यांनी स्लो झाल्यावर नाही. किती पेजेस लागतील हे पूर्वी अंदाजाने किंवा प्रोसेसची व्हीएम पीक बघून काढावं लागायचं, १५ व्या आवृत्तीपासून सर्व्हर बंद असताना पोस्टग्रेसलाच विचारता येतं, तो थेट आकडा देतो. आणि १७ मध्ये ह्यूज पेजेस स्टेटस म्हणून वेगळी व्हॅल्यू आलीय, चालू सर्व्हरला विचारलं की खरंच मिळाली की नाही ते सांगतो. छोट्या गोष्टी आहेत पण ज्याने केल्या त्याला मनापासून धन्यवाद, कारण रोजच्या कामात याच उपयोगी पडतात.

ओरॅकलवाल्यांना हे सगळं आधीपासून पाठ आहे. तिथे यूज लार्ज पेजेस हे पॅरामीटर ओन्ली केलं की पोस्टग्रेसच्या ऑनसारखंच वागतं. फक्त एक लक्षात ठेवा, मेमरी टार्गेट लावून ऑटोमॅटिक मेमरी मॅनेजमेंट वापरत असाल तर एसजीए (ओरॅकलची शेअर्ड मेमरी) ह्यूज पेजेसमध्ये जात नाही, दोन्ही एकत्र चालत नाहीत. नव्याने आलेले डीबीए इथे हमखास अडकतात: पेजेस काढून ठेवलेली, डेटाबेस ती वापरत नाही, आणि अर्धी रॅम नुसती पडून.

मग अर्धा मार्क का कापला? कारण ही मेमरी सलग लागते. सर्व्हर महिनाभर चालू असताना तुम्ही ५,००० पेजेस मागाल तर कदाचित ३,२०० मिळतील, कमांड एरर देत नाही, गुपचूप जेवढी जमली तेवढी देते. १ जीबीवाल्यांचं तर चालू मशीनवर मिळणं नशिबाचा भाग, ती बूट पॅरामीटरनेच घ्यायची. म्हणून माझा नियम असा की आकडा सिसकंट्रोलच्या फाइलमध्ये किंवा बूट लाइनवर, आणि बदल केला की मेंटेनन्स विंडोत रिबूट करून मेमइन्फोमध्ये टोटल, फ्री आणि रिझर्व्ड या तिन्ही ओळी बघायच्या. डेटाबेस चालू झाल्या झाल्या फ्री फारशी कमी झालेली दिसत नाही आणि लोक घाबरतात, पण रिझर्व्ड वाढलेली असेल तर काम झालंय, पेजेस हात लागेल तशी खर्ची पडतात.

दुसरी तक्रार, दोन सॉकेटच्या मशीनवर पेजेस दोन्ही न्यूमा नोडवर (एकेका सॉकेटच्या जवळची मेमरी) वाटून मिळतात, आणि तुमचा व्हीएम एकाच नोडवर बांधलेला असेल तर निम्मी भलत्याच बाजूला. नोडप्रमाणे वेगळा आकडा सिसएफएसमधून (कर्नलच्या सेटिंगच्या फाइलींमधून) देता येतो, ते करा. मेमलॉकची लिमिट, शेअर्ड मेमरीच्या ग्रुपची परवानगी हे सगळं अजूनही हाताने करावं लागतं, एवढ्या वर्षांत हे जरा सोपं व्हायला हवं होतं.

पण एक सुधारणा मला फारच आवडली आणि तिचं कौतुक पुरेसं होत नाही. कर्नल प्रत्येक ४ केबी पेजमागे ६४ बाइटचं एक स्ट्रक्ट पेज ठेवतो, म्हणजे १ टीबी रॅमवर १६ जीबी निव्वळ या नोंदवहीला. ह्यूज पेजमध्ये ५१२ छोटी पेजेस, त्यांच्या नोंदी ३२ केबी, आणि पहिल्या काही सोडल्या तर बाकीच्या नोंदींत तेच ते लिहिलेलं. बाइटडान्सच्या मुचुन साँग यांनी कर्नलच्या ५.१४ मध्ये ही रिपीट होणारी पानं मोकळी करण्याची सोय आणली, आज २ एमबीच्या पेजमागे आठपैकी सात पानं परत मिळतात. टीबीभर मेमरी ह्यूजटीएलबीत देणाऱ्या होस्टवर हे १४ जीबी होतात, १ जीबीची पेजेस असतील तर जवळजवळ सगळे १६. फुकटात!

आता टीएचपी, ज्याच्यावर सगळ्यांचा राग.

रेड हॅटच्या आंद्रेआ आर्कान्जेली यांनी लिहिलेला हा कोड मार्च २०११ मध्ये २.६.३८ ला आला, रेड हॅट एंटरप्राइझ लिनक्स ६ मध्ये त्याच्या आधीच बॅकपोर्ट होऊन आला होता. कल्पना सुंदर होती: प्रोग्रामला काही बदलायला नको, कर्नलच बघेल, जमेल तिथे २ एमबीचं पेज देईल, नाही जमलं तर ४ केबी, आणि मागे खह्यूजपेजड नावाचा थ्रेड फिरत राहील आणि छोटी पेजेस जोडून मोठी करत राहील.

घोळ झाला तो अंमलबजावणीत. सुरुवातीच्या डीफॉल्टप्रमाणे पेज फॉल्ट झाला, म्हणजे प्रोग्रामने अजून न मिळालेल्या पेजला हात लावला, की कर्नल तिथल्या तिथे मेमरी हलवून सलग जागा करायला बसायचा, आणि तुमची क्वेरी तेवढा वेळ तशीच थांबलेली. मेमरी भरलेल्या आणि तुकडे झालेल्या सर्व्हरवर हे फार दुखायचं, टॉपमध्ये सिस्टीम सीपीयू एकदम वर, डेटाबेसच्या लॉगमध्ये काहीच नाही, डिस्क शांत, नेटवर्क शांत, आणि दोन मिनिटांनी सगळं आपोआप ठीक. असला प्रॉब्लेम शोधणं म्हणजे काय ते ज्याने भोगलंय त्यालाच माहीत. तिथूनच "नेव्हर करा" चालू झालं आणि त्या काळी तो सल्ला बरोबरच होता.

रेडिसची गोष्ट वेगळी. रेडिस सेव्ह करताना फोर्क करतो, म्हणजे स्वतःची एक प्रत प्रोसेस बनवतो, आणि पालक प्रोसेसने पेजवर लिहिलं की त्याची कॉपी होते. ४ केबीचं पेज असेल तर ४ केबी कॉपी, २ एमबीचं असेल तर एका बाइटसाठी २ एमबी कॉपी. लेटन्सी उडणार आणि मेमरी दुप्पट होणार हे उघड आहे. रेडिस चालू होताना लॉगमध्ये त्याबद्दल वॉर्निंग देतो ती सगळ्यांनी वाचलीय. पण ५.८ पासून कर्नलने हे वागणं बदललंय, आता अशा वेळी मोठ्या पेजचं मॅपिंग तोडून हात लागलेलं ४ केबीच कॉपी होतं. नवा रेडिस शिवाय स्वतःपुरता टीएचपी बंद करून घेतो, प्रोसेसला तशी सोय पीआरसीटीएलमधून आहे. म्हणजे एका रेडिससाठी अख्ख्या मशीनवर नेव्हर लावायची गरज राहिलेली नाही.

तिसरं दुखणं मेमरी फुगण्याचं. प्रोग्रामने ४ केबीला हात लावला आणि कर्नलने २ एमबी दिले, उरलेलं सगळं शून्यांनी भरलेलं पडून. त्यात भर म्हणजे प्रोग्रामच्या अ‍ॅलोकेटरने काही पानं परत केली तरी खह्यूजपेजड येऊन ती भोकं भरून परत मोठं पेज करतो, कारण त्याच्या मॅक्स पीटीईज नन या सेटिंगची डीफॉल्ट किंमत ५११ आहे, म्हणजे ५१२ पैकी एकच पान वापरात असलं तरी चालतंय. मला विचाराल तर हे डीफॉल्ट फारच उदार आहे. ऑलवेज मोड (न मागता सगळ्यांना मोठी पेजेस) ठेवणाऱ्यांनी ते खाली आणून बघावं, आरएसएसमध्ये (प्रोसेसने प्रत्यक्ष घेतलेल्या मेमरीत) फरक दिसतो.

तर मग बदललं काय? ४.६ मध्ये मेल गोरमन यांनी डीफ्रॅगचं, म्हणजे जागा सलग करण्याच्या सेटिंगचं, डीफॉल्ट मॅडव्हाइजवर नेलं, म्हणजे ज्याने स्वतःहून मोठं पेज मागितलंय त्याच्याच फॉल्टमध्ये थांबून जागा केली जाईल, बाकीच्यांना नाही. माझ्या मते टीएचपीच्या इतिहासातला सगळ्यात महत्त्वाचा बदल हाच, आणि ज्यांचे अनुभव त्याच्या आधीचे आहेत त्यांनी एकदा नव्याने मोजायला हवं. ५.९ मध्ये नितीन गुप्ता यांचं प्रोअ‍ॅक्टिव्ह कॉम्पॅक्शन आलं, म्हणजे गरज पडायच्या आधीच मागे थोडी थोडी जागा सलग होत राहते. ६.१ मध्ये मॅडव्हाइज कोलॅप्स आलं, प्रोग्राम म्हणू शकतो की हा पट्टा आत्ताच मोठ्या पेजेसमध्ये कर, खह्यूजपेजडची वाट बघत बसायला नको. आणि ६.१२ मध्ये मेटाच्या लोकांनी असा श्रिंकर आणला की ज्या मोठ्या पेजमध्ये बहुतेक पानं शून्यांचीच आहेत ते मेमरी कमी पडली की तोडून शून्यांची पानं परत घेतो.

या शेवटच्या गोष्टीवर एक सांगायलाच हवं. शून्यांनी भरलेली पानं शोधून फुगलेली मेमरी परत घ्यायची ही कल्पना २०१९ च्या हॉकआय या पेपरमध्ये होती, आशिष पनवार, सोरव बन्सल आणि के. गोपीनाथ यांचा, आयआयटी दिल्ली आणि बेंगलोरच्या आयआयएससीमधलं काम. पानं आधीच शून्य करून ठेवायची म्हणजे फॉल्टला वेळ लागणार नाही, आणि कुठल्या प्रोसेसला पत्ता शोधण्यात खरंच किती वेळ जातोय ते हार्डवेअर काउंटरवरून मोजून तिला आधी मोठी पेजेस द्यायची, असे विचार त्यात आहेत. सिस्टीम्सच्या क्षेत्रात आपल्याकडे काय चाललंय असं विचारणाऱ्या मुलांना मी हा पेपर वाचायला देतो. कर्नलचा कोड कधी उघडला नसेल तरी पहिली तीन-चार पानं नीट कळतात.

प्रोग्रामच्या बाजूनेही जग बदललंय. मोंगोडीबी वर्षानुवर्षं टीएचपी बंद करा सांगायचा, ८.० पासून तो चालू करा सांगतो, कारण त्यांनी टीसीमॅलॉक या मेमरी वाटणाऱ्या लायब्ररीची नवी आवृत्ती घेतलीय जी मोठी पेजेस डोक्यात ठेवून मेमरी वाटते. म्हणजे ७ चं प्लेबुक ८ वर तसंच चालवलं तर तुम्ही उलटं करताय! जीलिबसीच्या (लिनक्सच्या मूळ सी लायब्ररीच्या) २.३५ पासून मॅलॉकलाच एका ट्यूनेबलने सांगता येतं की मोठ्या पेजेससाठी मॅडव्हाइज कर, रीकंपाइल नको काही नको. जावामध्ये यूज ट्रान्सपरंट ह्यूज पेजेसचा फ्लॅग आहे, सोबत ऑलवेज प्रीटच लावा म्हणजे हीपची सगळी पेजेस सुरुवातीलाच घेतली जातील, चालू ट्रॅफिकमध्ये फॉल्ट खात बसणार नाही. सर्व्हिस उठायला थोडा जास्त वेळ लागतो, तेवढं चालतं.

यातून मला जे कळलं ते असं की या सगळ्यात चांगलं काम तिथेच होतं जिथे प्रोग्राम कर्नलला आपला इरादा सांगतो. ह्यूजटीएलबी चांगलं चालतं कारण डेटाबेसने सांगितलेलं असतं की ही ६४ जीबी माझी, कायमची. जावाची हीप, मोंगोचा टीसीमॅलॉक, तिथेही तेच. कर्नलने एकट्याने अंदाज लावायचा म्हटलं की तो कधी बरोबर येतो कधी नाही, त्यात कर्नल लिहिणाऱ्यांचा दोष नाही, त्यांच्याकडे माहितीच तेवढी असते. म्हणून टीएचपीला माझं उत्तर मॅडव्हाइज, म्हणजे जो मागेल त्यालाच. नेव्हर नाही, ऑलवेजही नाही. उबंटूवर बहुधा तेच असतं, रेड हॅटवर ऑलवेज येतं ते बदलून घ्या, आणि तिथे ट्यून्ड सर्व्हिसचा प्रोफाइल तुमचं सेटिंग परत फिरवत नाही ना तेही तपासा, रिबूटनंतर सेटिंग गायब झालं अशी तक्रार बहुतेक वेळा तिथूनच येते.

ऑलवेजला मी सरसकट वाईट म्हणणार नाही. मोठमोठे अ‍ॅरे घेऊन तासन्‌तास गणित करणारं काम असेल, सिम्युलेशन वगैरे, तर ऑलवेज झकास. वेब सर्व्हरच्या शेकडो छोट्या प्रोसेस असतील तर नको.

मोजायचं कसं? पर्फ स्टॅटमध्ये डीटीएलबी लोड मिसेस बघा, आणि त्याहून चांगलं म्हणजे पेज वॉकमध्ये किती सायकल गेल्या तो काउंटर बघा, कारण मिस झाला तरी वॉक स्वस्तात निघाला असू शकतो. व्हीएमस्टॅट फाइलमध्ये टीएचपी फॉल्ट अ‍ॅलॉक आणि टीएचपी फॉल्ट फॉलबॅक हे दोन आकडे, फॉलबॅक जास्त म्हणजे कर्नल मागतोय पण सलग जागा मिळत नाहीये. कॉम्पॅक्ट स्टॉल वाढत असेल तर कोणीतरी थांबून राहतंय, आणि तुमच्या पी९९ लेटन्सीचं (सगळ्यात हळू एक टक्का विनंत्यांच्या वेळेचं) उत्तर बहुधा तिथेच आहे. बडीइन्फोमध्ये शेवटचे रकाने शून्य दिसले की समजा मेमरीचा चिवडा झालाय. एखाद्या प्रोसेसला किती मोठी पेजेस मिळाली ते तिच्या स्मॅप्स रोलअपमध्ये अ‍ॅनॉन ह्यूज पेजेस या ओळीत. एवढं बघितल्याशिवाय सेटिंग बदलू नका आणि बदलल्यावर परत बघा.

आता सध्या जे घडतंय ते, आणि मला यातच जास्त उत्साह वाटतो. आत्तापर्यंत ४ केबी किंवा थेट २ एमबी, मधलं काही नाही. मार्च २०२४ च्या ६.८ मध्ये आर्मच्या रायन रॉबर्ट्स यांचं मल्टी साइझ टीएचपी आलं, १६ केबी, ३२ केबी, ६४ केबी, जे हवं ते, प्रत्येक साइझचं वेगळं सेटिंग सिसएफएसमध्ये. आर्म प्रोसेसर सलग १६ नोंदींना एकच नोंद समजू शकतो, त्यामुळे ६४ केबीचा फायदा त्याला थेट हार्डवेअरमध्ये मिळतो. फुगण्याचा त्रास कमी, शून्य करायला वेळ कमी, सलग जागा मिळणं सोपं, आणि फॉल्ट मात्र सोळापट कमी. आर्मच्या क्लाउड मशीनवर असाल तर ६४ केबी मॅडव्हाइजवर ठेवून जरूर बघा. सुरुवातीला सगळ्या साइझेस बंदच असतात, कोणीतरी चालू करावं लागतं.

याच्या मागे मॅथ्यू विल्कॉक्स यांचं फोलिओचं (अनेक पेजेस एक गट म्हणून हाताळायच्या रचनेचं) प्रचंड काम आहे, ५.१६ पासून हळूहळू सगळ्या कर्नलमध्ये पसरत चाललंय. पेज कॅशही (फाइलींचा मेमरीत ठेवलेला डेटा) मोठ्या तुकड्यांत ठेवता येते आता, एक्सएफएस या फाइल सिस्टीमला ५.१८ मध्ये मिळालं, एक्स्ट४ ला २०२५ च्या ६.१६ मध्ये. याचा फायदा घ्यायला तुम्हाला काहीही करावं लागत नाही, कर्नल अपडेट करा फक्त. अशी कामं बाहेरून दिसत नाहीत, वर्षानुवर्षं चालतात, आणि त्याच्यावर बाकीचे उभे राहतात.

मूळ पेजच मोठं करायचा रस्ताही आहे. अ‍ॅपल सिलिकॉनचे मॅक १६ केबीवर चालतात. अँड्रॉइड १५ ने १६ केबीला सपोर्ट दिला, गूगलच्या आकड्यांप्रमाणे मेमरी कमी असताना अ‍ॅप उघडायला सरासरी ३.१६ टक्के कमी वेळ लागतो, आणि १ नोव्हेंबर २०२५ पासून अँड्रॉइड १५ किंवा पुढचं टार्गेट करणाऱ्या नव्या अ‍ॅप्सना आणि अपडेट्सना प्ले स्टोअरवर हा सपोर्ट बंधनकारक केलाय. तुमचं अ‍ॅप निव्वळ कॉटलिनचं असेल तर चिंता नाही, पण आत कुठली नेटिव्ह लायब्ररी असेल तर ती १६ केबीवर अलाइन करून परत बांधावी लागते, एनडीकेच्या (अँड्रॉइडच्या नेटिव्ह कोडच्या टूलकिटच्या) २८ व्या रिलीजपासून ते आपोआप होतं. त्रास होतो तो बंद पडलेल्या कंपनीच्या जुन्या एसडीकेचा, सोर्स नाही, नवा बिल्ड येणार नाही. रास्पबेरी पाय ५ चा कर्नलही १६ केबीचा येतो, आणि त्यावर ४ केबी गृहीत धरून बांधलेला जेईमॅलॉक (मेमरी वाटणारी आणखी एक लायब्ररी) चालत नाही. कोडमध्ये ४०९६ हा आकडा हाताने लिहिणाऱ्या सगळ्यांना कळकळीची विनंती, सिस्टीमला पेज साइझ विचारा, एका ओळीचं काम आहे.

खूप मोठं करूनही चालत नाही. रेड हॅटने आर्मसाठी ८ व्या आवृत्तीत ६४ केबीचं पेज ठेवलं होतं, तिथे ह्यूज पेज होतं ५१२ एमबीचं, आणि ९ मध्ये ते परत ४ केबीवर आले. ५१२ एमबी सलग जागा कोण कुठून आणणार?

बाकीच्यांबद्दल थोडक्यात. विंडोजवर लार्ज पेजेस मिळतात पण अकाउंटला मेमरी लॉक करायची परवानगी द्यावी लागते आणि ती स्वॅप होत नाहीत, म्हणजे आपल्या ह्यूजटीएलबीच्याच जवळचं. फ्रीबीएसडीचं मात्र मनापासून कौतुक. राइस युनिव्हर्सिटीतल्या नवारो, अय्यर, ड्रुशेल आणि कॉक्स यांनी २००२ मध्ये सुपरपेजेसचा पेपर लिहिला, त्यात पद्धत अशी की पहिल्या फॉल्टला सलग जागा फक्त राखून ठेवायची, पानं एकेक करून द्यायची, आणि सगळी भरली की मग मोठ्या पेजमध्ये बढती. कोणाचा वेळ जात नाही, मेमरी फुगत नाही, कमी पडली तर राखीव जागा मोडून टाकायची. फ्रीबीएसडीत हे कधीच येऊन स्थिरावलंय आणि त्याच्याबद्दल तक्रारी फारशा ऐकू येत नाहीत, हेच त्याचं सर्टिफिकेट. लिनक्सने त्या वेळी हा रस्ता का घेतला नाही याची तांत्रिक कारणं आहेत, पण वापरणारा म्हणून मला तीच रचना जास्त समजूतदार वाटते.

माझ्या ताब्यातल्या नव्या मशीनवर सध्या असं असतं: पोस्टग्रेसची शेअर्ड मेमरी ह्यूजटीएलबीत २ एमबीवर, आकडा पोस्टग्रेसने सांगितलेला अधिक थोडा, ह्यूज पेजेस ऑन. टीएचपी मॅडव्हाइज, डीफ्रॅगही मॅडव्हाइज. जावावाल्यांना फ्लॅग आणि प्रीटच. रेडिस स्वतःचं बघतो. मोंगो ८ असेल तर त्या मशीनवर ऑलवेज, मोंगोच्याच कागदपत्रांप्रमाणे. १ जीबीची पेजेस फक्त केव्हीएमच्या होस्टवर, डेटाबेसला मी देत नाही, कारण पहिल्या पातळीच्या टीएलबीत स्कायलेकवर १ जीबीच्या फक्त ४ नोंदी आहेत आणि २ एमबीच्या ३२, आणि एवढं करून पोस्टग्रेसवर फरक नजरेत भरेल असा मला दिसलेला नाही. नव्या प्रोसेसरवर हे आकडे वेगळे आहेत, तिथे मोजून बघितलेल्यांनी खाली आकडे टाका, मशीनचं मॉडेल आणि कर्नलचा नंबर सोबत लिहा म्हणजे बाकीच्यांना वापरता येतील.